वेबसाइटचे सालदार

रात्रीचे दीड-दोन वाजलेले असतात. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या शिवारात थ्री-फेज लाईट आली की मोटारी सुरू होतात आणि कुणीतरी बॅटरी घेऊन केळीच्या बागेत ठिबकचे वॉल फिरवायला निघतं. गावातल्या एखाद्या खिडकीतही त्या वेळी उजेड असतो. तिथला माणूस लॅपटॉपपुढे बसून वीस-पंचवीस वेगवेगळ्या मालकांच्या वेबसाइट एकेक करून पुढे सरकवत असतो: हिचा बॅकअप, तिचं अपडेट, तिसरीचा फॉर्म. बागेला रात्री पाणी द्यावं लागतं ते लाईटच्या वेळापत्रकामुळे. साइटला रात्री हात लावायचा तो दिवसा तिच्यावर गिऱ्हाईक असतं म्हणून.

या धंद्याला इंग्रजीतून आलेली नावं पुष्कळ आहेत. मेंटेनन्स म्हणतात, एएमसी म्हणतात. खान्देशात मात्र या कामाला जुना शब्द तयारच आहे, तो म्हणजे सालदार, वर्षाच्या बोलीवर शेत सांभाळणारा गडी. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला साल ठरतं, शेत मालकाचं असतं, पण कोणत्या कोपऱ्यात पाणी तुंबतं आणि कोणता वॉल घट्ट बसत नाही हे सालदारालाच ठाऊक. वेबसाइट सांभाळणारा माणूस हा असाच सालदार. फरक इतकाच, की त्याचे मालक अनेक असतात आणि आपण सालदार ठेवलाय हे त्यातल्या निम्म्यांना आठवतही नाही.

सावद्यासारख्या गावात एवढ्या वेबसाइट येतात कुठून? उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता आणि भुसावळ-खंडवा मार्गावर गावाच्या नावाचं स्टेशन, जिथून केळीच्या वॅगन दिल्लीकडे जातात. रावेर तालुक्याचा हा पट्टा केळीवर उभा आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२१ मध्ये याच तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची केळी दुबईला रवाना झाली. माल समुद्रापार जायला लागला की कार्डावर नुसता मोबाइल नंबर असून भागत नाही, पॅकहाउसचे फोटो दाखवायला वेबसाइट लागते. टिश्यू कल्चर रोपवाटिकांचं बुकिंग, पतसंस्थांचे व्याजदर, दवाखान्यांच्या वेळा, शाळांचे प्रवेश यांनाही ती लागते. महाविद्यालयांना तर नॅकच्या मूल्यांकनापायी वार्षिक अहवाल वेबसाइटवर ठेवावेच लागतात. त्यामुळे साइट बनवून घ्यायचा उत्साह असतो, उद्घाटनाला हार असतो, पेढे असतात. त्यानंतर मात्र तिच्याकडे कोण बघणार, हे ठरलेलं नसतं.

अशी साइट हाती आली की जाणता माणूस आधी डिझाइन बघत नाही, सातबारा बघतो. म्हणजे डोमेन कुणाच्या नावावर आहे ते. संस्थेचं नाव, संस्थेचा पैसा, पण नोंद मात्र पहिल्यांदा साइट बनवून देणाऱ्या पोराच्या ईमेलवर, असं सर्रास आढळतं. तो पोरगा आता पुण्यात नोकरीला असतो आणि ओटीपी त्याच्या बंद पडलेल्या नंबरवर जातो. मुदत संपली की डॉट कॉम नाव लगेच हातचं जात नाही. साधारण दीड महिन्यापर्यंत रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवून देणारा, नूतनीकरणाची सवलत ठेवू शकतो, पुढचे ३० दिवस जास्तीचे पैसे मोजून ते सोडवता येतं, आणखी ५ दिवसांनी ते कुणालाही विकत घेता येतं. ही चूक फक्त लहान गावातले लोक करतात असंही नाही. १९९९ च्या नाताळात खुद्द मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमचं नूतनीकरण विसरली, हॉटमेलचं लॉगिन अडलं आणि मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून ते सुरू करून दिलं.

दुसरी तारीख कुलपाची. पत्त्याशेजारी कुलूप दिसावं यासाठी लागणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं, पण ते ९० दिवसांचं. मुदत जवळ आली की आठवणीचा मेल यायचा, तो त्यांनी जून २०२५ मध्ये बंद केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्या आणि ब्राउझर बनवणाऱ्यांच्या मंचाने ठरवलं, की ३९८ दिवसांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटवत मार्च २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर आणायची. पंचवीस साइट्सची कुलपं दीड महिन्याला हाताने बदलणं कुणालाच जमणार नाही. काम यंत्रावर सोपवावं लागेल आणि यंत्र झोपलं नाही ना, हे बघायला माणूस ठेवावा लागेल.

रात्रीचं मुख्य काम म्हणजे अपडेट. जगातल्या दर दहा वेबसाइट्सपैकी चारांहून अधिक वर्डप्रेसवर चालतात. २००३ मध्ये आलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि त्याला जोडायचे प्लगइन हजारोंनी मिळतात. घरात जेवढे दरवाजे तेवढ्या कड्या, तसं प्रत्येक प्लगइन म्हणजे आणखी एक कडी. मेनडब्ल्यूपी किंवा मॅनेजडब्ल्यूपीसारख्या साधनांनी सगळ्या साइट्स एका पडद्यावर येतात आणि तिथे 'सगळं अपडेट करा' असं एक बटण असतं. नवखा ते दाबतो. मुरलेला आधी बॅकअप घेतो, साइटची एक नक्कल उभी करतो, तिथे अपडेट लावून बघतो आणि मग खऱ्या साइटला हात घालतो. त्यानंतर तो स्वतः गिऱ्हाईक होतो. चौकशीचा फॉर्म भरतो, मेल पोचला का बघतो, अहवालाची पीडीएफ साध्या फोनवर उघडतो. पहिलं पान झकपक दिसतं आणि फॉर्म मात्र तीन महिने कुठेच पोचत नाही, यासारखं लपलेलं दुखणं नाही. बंद पडलेल्या साइटबद्दल कुणीतरी फोन करतं. न पोचलेल्या चौकशीबद्दल कोण करणार?

अपडेट टाळलं तर काय होतं? २०१७ च्या जानेवारीअखेर वर्डप्रेसने एक गंभीर भोक बुजवलं आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते जाहीर केलं. मधल्या दिवसांत ज्यांनी अपडेट लावलं ते वाचले. ज्यांनी लावलं नाही त्यांच्या साइट्सवरची लाखो पानं परक्या माणसांनी येऊन खरडून टाकली.

ही लागण पसरते कशी, हे केळीवाल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कुकुंबर मोझॅक व्हायरस झालेलं झाड बरं होत नाही. मावा तो रोग शेजारच्या झाडावर नेतो, म्हणून रोगट झाड दिसताच मुळासकट उपटून लांब नेऊन नष्ट करायचं, मावा आवरायचा आणि बागेत काकडीवर्गीय वेल लावायचे नाहीत. एकाच स्वस्त होस्टिंग खात्यात दहा साइट्स कोंबल्या की तेच होतं. त्यातली कुणीच न बघितलेली जुनी साइट आधी पोखरली जाते आणि तिच्यातून बाकीच्या नऊ. फवारणी करून भागत नाही. सगळं उपटून, स्वच्छ बॅकअपमधून नव्याने लावावं लागतं, पासवर्ड बदलावे लागतात आणि यापुढे प्रत्येक साइटला वेगळं वावर द्यावं लागतं.

मराठी साइट सांभाळणाऱ्याच्या वाट्याला एक जादा काम येतं. साइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेली आणि सकाळी अध्यक्षांच्या मनोगताच्या जागी उलट्या मात्रा डोक्यावर घेतलेले परदेशी 'ए' रांगेने उभे असलेले दिसतात. कारण असं: युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. मायएसक्यूएल हा डेटाबेस मुळात स्वीडनमधल्या कंपनीचा. २०१८ मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत त्यात काही सांगितलं नाही तर मजकूर पश्चिम युरोपीय लिपीचा धरला जायचा आणि वर्णक्रम चक्क स्वीडिश लागायचा. म्हणजे सावद्याच्या संस्थेची सभासद यादी वर्षानुवर्षं स्वीडिश पाटीखाली बसलेली. पाटी बदलताना चूक झाली की तिन्ही बाइट तीन वेगळी अक्षरं म्हणून उमटतात. जाणत्याला या घोळातही दिलासा असतो. अगम्य अक्षरं दिसत असतील तर मूळ बाइट शाबूत आहेत, उलट वाटेने गेलं की मराठी परत मिळते. अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसू लागली, तर मजकूर गेला. मग एकच आधार, बॅकअप.

आणि बॅकअप घेतला म्हणजे तो आहे, असं समजायचं नसतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या नावाजलेल्या कंपनीत रात्री थकलेल्या एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच वाटा होत्या, ऐन वेळी एकही धड चालली नाही. योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून तेवढ्या तासांवर निभावलं. सालदार म्हणूनच महिन्यातून एकदा एखादी साइट बॅकअपमधून खरोखर उभी करून बघतो. बी उगवतं की नाही हे पेरूनच कळतं.

सरकारने या सगळ्यावर वेगळा तोडगा काढला. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने एसथ्रीवास नावाचा एक साचा तयार केला. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या साइट्स त्याच साच्यातल्या. दुरुस्ती एके ठिकाणी केली की सगळीकडे पोचते. पाटाचं पाणी सगळ्यांना सारखं, तसं. खासगी साइट्सना हा थाट नाही. कुणाची विहीर खोल, कुणाचा बोअर आटलेला, कुणाचा पाइप वीस वर्षांपूर्वीचा. प्रत्येकीचं वेगळं ध्यानात ठेवावं लागतं.

पैशाची गोष्ट इथेच अडते. वर्षाचं बिल पाठवलं की फोन येतो, "अहो भाऊ, वर्षभर काहीच तर झालं नाही, मग पैसे कसले?" याला तोंडी उत्तर देऊन उपयोग नसतो. शहाणा माणूस वही ठेवतो आणि महिन्याला एक पान पाठवतो: एवढी अपडेट लावली, एवढ्या वेळा कुणीतरी चुकीचा पासवर्ड मारून बघितला, अमुक दिवशी फॉर्म बंद होता तो सुरू केला, डोमेनची मुदत या तारखेला. काही न होण्यासाठी किती करावं लागलं, याचा तो हिशेब असतो.

चांगल्या सालदाराची खूण तो शेत सोडतो तेव्हा पटते. वॉल कुठे, पाइपाचा जोड कुठे गळतो, हे नव्या माणसाला तो बांधावर उभं राहून दाखवून जातो. वेबसाइटच्या कामातही एक कागद असतो. डोमेन संस्थेच्याच नावावर, कुठे नोंदवलंय, होस्टिंग कुणाकडे, बॅकअप कुठे, कोणतं अपडेट जपून लावायचं. तो छापून संस्थेच्या कपाटात, करारपत्रांच्या फाइलमध्ये ठेवून द्यायचा. स्वतःची गरज कमी करणारा कागद स्वतःच लिहिणं कुणाही धंदेवाल्याला जड जातं. पण आखाजीला साल पुढे चालवायचं की नाही, हे मालकाने मोकळेपणी ठरवावं असं वाटत असेल, तर शेताच्या किल्ल्या मालकाकडे असाव्या लागतात.