पंपातील औषध जाते कोठे?

दम्याच्या रुग्णाने ‘पंप’ तोंडाशी धरून दाबला की औषध थेट फुफ्फुसात पोहोचते, अशी आपली सर्वांची समजूत असते. प्रत्यक्षात हा प्रवास बिकट आहे. फवारा वेगाने सुटतो, समोर घशाचे वळण येते आणि औषधाचा बराच भाग जिभेवर व घशाच्या भिंतीवर आदळून तेथेच राहतो. कित्येक पंपांतून पाचवा हिस्साही फुफ्फुसात उतरत नाही. घशात अडकलेले औषध स्टेरॉइड असेल, तर तोंडात बुरशीची बाधा होऊ शकते. डॉक्टर पंपानंतर चूळ भरावयास सांगतात ते याचसाठी.

फुफ्फुसात खोलवर जाण्यास औषधाचा कण साधारण १ ते ५ मायक्रॉन असावा लागतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. याहून मोठा कण वळणावर आदळतो, तर फार बारीक कण पुष्कळदा उच्छ्वासाबरोबर परत येतो. परंतु हे तपासावे कसे? जिवंत माणसाचा घसा उघडून औषध मोजता येत नाही. म्हणून प्रयोगशाळांत काटकोनात वळलेली धातूची नळी घशाच्या जागी वापरण्याचा प्रघात पडला. तुलनेसाठी ती सोयीची खरी. पण असा गुळगुळीत, काटकोनी घसा कोणाचा असतो?

येथे त्रिमिती मुद्रण, म्हणजेच थ्रीडी प्रिंटिंग, उपयोगी पडले. अमेरिकेतील चार्ल्स हल यांना या तंत्रातील एका पद्धतीचे पेटंट १९८६ साली मिळाले. सीटी स्कॅनमधून शरीराचे आडवे छेद मिळतात. त्यांवरून संगणकात घशाची आकृती उभी करतात आणि मुद्रणयंत्र, पोळ्यांची चवड रचावी तसे, थरावर थर चढवीत ती आकृती प्लॅस्टिकमध्ये साकारते. या पोकळ घशातून श्वासासारखी हवा ओढून फवारा सोडतात. मग त्याचा एकेक भाग द्रावणाने धुऊन कोठे किती औषध बसले, ते मोजतात.

याचा मोठा लाभ मुलांना आहे. मूल म्हणजे लहान मापाचा प्रौढ नव्हे. त्याचा श्वासमार्ग अरुंद आणि श्वास उथळ. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात वर्थ लाँगेस्ट आणि मायकेल हिंडल यांनी मुलांच्या श्वासमार्गाच्या प्रतिकृतींवर औषधे तपासली आणि मुलांसाठी नवी श्वासोपकरणेही मुद्रणाने घडवून पाहिली.

मात्र घशाखाली श्वासनलिकेला सुमारे तेवीस वेळा फाटे फुटतात; त्यांतील सूक्ष्म नलिका जशाच्या तशा छापणे दुरापास्त आहे. डेलावेअर विद्यापीठात कॅथरीन फ्रोमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या जागी छापील जाळीचे खंड योजले. तरीही कफाने भरलेले, सुजलेले फुफ्फुस प्लॅस्टिकात उतरत नाही. अखेरची परीक्षा रुग्णावरच व्हायची.

तोवर घरी करण्याजोगे पुष्कळ आहे. फवाऱ्याचा पंप असेल तर श्वास सावकाश, खोल घ्यावा आणि दहा सेकंद रोखावा. कोरड्या भुकटीच्या उपकरणात मात्र जोराने ओढावा. फवाऱ्याच्या पंपास स्पेसर, म्हणजे मधली पोकळ नळी, जोडल्यास घशात अडकणारे औषध कमी होते. केप टाऊन येथे हेदर झार आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पंपाभोवतीची फट बुजवलेली अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटलीही विकतच्या स्पेसरइतकीच उपयुक्त ठरली.

वर्गात धाप लागली असता पंप दप्तरात लपविणारी मुले आम्ही शिक्षकांनी पाहिली आहेत. ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य त्यांनी घरीच ऐकलेले असते. शास्त्रज्ञ घशाचे वळण ओलांडण्यासाठी एवढे झटत असताना औषध दप्तरातच अडकून राहावे, हे आम्हांस फार खेदाचे वाटते. तो अडथळा दूर करण्यास कोणतेही यंत्र लागत नाही.