चीक शिजला हे कोण सांगणार?

कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजतो. पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी दाणा चिमटीत दाबायचा आणि पांढरं दूध सरळ बाहेर आलं, तरच वाटायला घ्यायचा. वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर निवळत ठेवायचा, सकाळी वरचं पिवळसर पाणी काढून टाकायचं आणि मीठ-हिंगाच्या उकळत्या पाण्यात तो बारीक धारेने सोडत हाटत राहायचं. एवढं आज कोणत्याही मोबाइलवर दिसतं. चीक शिजला कधी, हे मात्र मोबाइलवरून कळत नाही. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक येते, दांड्याला जडपणा येतो, ओलं बोट लावलं तर चिकटत नाही. कच्चा राहिला तर वाळलेली कुरडई हातात भुगा होते आणि तेलात फुलत नाही. वाशिमकडची मोठीमाय नातीला पातेल्याजवळ उभी करून म्हणते, ‘‘पाह्य व, अजून पांढरा दिसते. हाट.’’ या दोन वाक्यांत जे शिकवणं आहे, ते आपल्या घरांतून किती उरलं आहे, याचा हा आढावा.

अकोल्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला वाशिम जिल्हा मुख्यतः कोरडवाहू शेतीचा. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत एप्रिल-मेचं ऊन कडक आणि हवा कोरडी. वाळवणाला याहून चांगलं हवामान मिळणं कठीण. गरजही तशीच होती. उन्हाळ्यात विहिरी खोल जायच्या, भाजीपाला आटायचा. पुढे आषाढ-श्रावणात निंदणीची घाई आणि चिखलाचे रस्ते, म्हणून बाजार हुकायचा. तेव्हा मुंगवड्या, सांडगे, वाळवलेली गवार, हरभऱ्याचा सुकवलेला पाला आणि तुरीचे वाळलेले सोले, हीच भाजी. सरगुंडे, शेवया, पापड, कुरडया हा सणाचा आणि पाहुण्यांचा साठा. लग्नाच्या रुखवतात त्यांचा मान वेगळा.

हे सगळं शिकायची शाळा म्हणजे आळीपाळीने एकमेकींच्या घरी जाणं. आज एकीचे पापड, उद्या दुसरीच्या शेवया. आठ-दहा बाया, त्यांच्या पोरी, आणि बाजेवरच्या वाळवणावरून चिमण्या हाकलणारी लहान पोरं. लहानांना आधी राखण, मग लाट्या करणं, मग लाटणं, आणि सगळ्यात शेवटी मिठाचा अंदाज, असा क्रम आपोआप ठरलेला होता. एका उन्हाळ्यात तेच काम इतक्यांदा डोळ्यांखालून जायचं, की कोणी मुद्दाम शिकवलं असं वाटायचंच नाही.

तो क्रम आता मोडला आहे. मुलं शिकायला, नोकरीला पुण्याकडे जातात. मार्च-एप्रिल हे परीक्षांचे महिने आणि वाळवणाचेही तेच. शिवाय घरं लहान झाली, माणसं चार राहिली. पायलीभर गव्हाच्या कुरडयांचा घाट चार माणसांसाठी कोण घालणार? आई कुरडयांचा डबा बांधून ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवते आणि मुलांचा वाळवणाशी संबंध तळण्यापुरता उरतो. यात मुलांची चूक मला दिसत नाही. त्यांना कोणी पातेल्याजवळ बोलावलंच नाही.

लिहून ठेवण्याचे प्रयत्न आपल्याकडे जुने आहेत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० सालचं; कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये आली आणि तिने कितीतरी नवशिक्या मुलींना वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकवला. कोणाचं जेवण पुस्तकांत आलं नाही, हेही बघायला हवं. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित कुटुंबांचं खाणं आहे. मांसाच्या लांब पट्ट्या उन्हात सुकवून केलेल्या चान्या त्यात येतात. कुरडईइतकंच ऊन आणि तितकंच कसब त्या कामाला लागतं. जिल्ह्याच्या दक्षिणेला लागूनच मराठवाडा आहे. दिवाळी अंकांतली वाळवणाची पानं मात्र साबुदाण्याच्या पापड्यांपुढे सरकत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

गेल्या काही दशकांत शिकवण्याची जागा थोडी घराबाहेर सरकली. रिसोड तालुक्यात करडा इथे कृषी विज्ञान केंद्र आहे. अशा केंद्रांत गृहविज्ञान आणि अन्नप्रक्रियेची प्रशिक्षणं होतात. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे ‘माविम’, १९७५ पासून आणि ग्रामीण जीवनोन्नतीचं ‘उमेद’ अभियान २०११ पासून काम करतं. त्यांच्या बचत गटांतून पापड-लोणची प्रदर्शनांत आणि बाजारात पोचली. केंद्र सरकारच्या २०२० च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. विक्रीमुळे एक फार चांगली गोष्ट झाली: म्हाताऱ्या हाताचा अंदाज वजनकाट्यावर आला. दर वेळी तीच चव द्यायची, तर मीठ ग्रॅममध्ये मोजावंच लागतं. हे माप घरात परत आलं पाहिजे. ‘अंदाजानं टाक’ हे ऐकून नवख्या मुलाला काहीच उमगत नाही.

मापासोबत कारणही सांगायला हवं. आंब्याच्या लोणच्यात फोडींच्या वजनाच्या साधारण पंधरा ते वीस टक्के मीठ लागतं, कारण मीठ फोडीतलं पाणी ओढून घेतं आणि जंतूंना वापरता येईल असं पाणी उरू देत नाही. फोड आधी पुसून कोरडी करायची, तीही याचसाठी. वर दोन बोटं तेल ठेवायचं, कारण बुरशीला हवा लागते. एक जंतू असा आहे की तो हवा नसेल तिथेच वाढतो आणि जीवघेणं विष तयार करतो. आंब्याच्या आंबटपणात त्याचं चालत नाही, सामू ४.६ च्या खाली असला की तो वाढत नाही. म्हणून आंब्याचं लोणचं वर्षभर टिकतं, पण नुसत्या तेलात बुडवलेला लसूण बाहेर ठेवणं धोक्याचं आहे. एवढं कळलेली मुलगी उद्या परमुलखात, वेगळ्या फळाचं लोणचं घालायलाही घाबरणार नाही.

कारण विचारायला लागलो की काही जुन्या सवयी गळून पडतात, आणि पडू द्याव्यात. बुरशी आलेले शेंगदाणे किंवा मिरच्या पुसून, ऊन दाखवून वापरणं ही त्यातली एक. काही बुरशींचं विष पुसल्याने जात नाही, तळणीच्या आचेनेही पुरतं नष्ट होत नाही. तो माल टाकून द्यायचा. दुसरी सवय अधिक खोल रुजलेली: पाळीच्या दिवसांत मुलीची सावलीही लोणच्यावर पडू द्यायची नाही. लोणचं ओल्या चमच्याने नासतं, कमी मिठाने नासतं; पाळीने नासत नाही. या एका समजुतीने कितीतरी मुलींना ऐन कामाच्या दिवशी उंबऱ्याबाहेर बसवलं. पुढच्या पिढीला देताना हे गाळावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलग्यांना या कामातून आपणच वगळलं, तेही तसंच थांबावं.

सोयाबीनची गोष्ट वेगळी आहे. तुरीसाठी आजीकडे सगळं होतं: तेल-पाणी चोळून ऊन देणं, जात्यावर भरडणं, सोले वाळवणं. सोयाबीन आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर पसरलं १९८० नंतर. आज वाशिमच्या खरिपाचं ते मुख्य पीक, पण शेतातून थेट बाजार समितीत जातं. त्याबद्दल आजी काही सांगू शकत नाही, कारण तिच्या आजीने ते पाहिलंच नव्हतं. कच्च्या दाण्यात पचनाला अडवणारी द्रव्यं असतात. तो उकळून, वाळवून, नऊ भाग गव्हाला एक भाग घालून दळला, तर रोजच्या पोळीत प्रथिनं वाढतात. इथे शिकणाऱ्या नातवंडांनीच आजीला शिकवावं.

ऊनही आता पूर्वीइतकं भरवशाचं नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली विदर्भ-मराठवाड्यातली गारपीट शेतकरी विसरलेले नाहीत, आणि तशा अवकाळीत अंगणातलं वाळवणही भिजतं. झाकलेले सौर वाळवणी संच यावर चांगला उपाय आहेत, धूळ-माशाही टळतात. असे संच महिला शेतकऱ्यांपर्यंत नेणाऱ्या महाराष्ट्रातल्या ‘एस-फोर-एस टेक्नॉलॉजीज’ला २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. संच कितीही चांगला असला, तरी पापड कडकडीत वाळला की नुसता वरून सुकला, हे मोडून पाहणारं माणूस लागतंच.

पायलीचा घाट नको. येत्या मार्चमध्ये एक किलो गहू भिजवा, रविवारी चीक निघेल असा हिशेब धरून. मीठ-पाण्याचं वजन नातवाकडून वहीत लिहून घ्या, हाटायचा दांडा त्याच्याच हातात द्या, आणि पहिला घाणा बिघडला तरी तो काढून घेऊ नका.