दिवाळीच्या सुटीपूर्वी जगाची ओळख : एका पणतीपासून सुरुवात

दिवाळीच्या सुटीपूर्वीचे तीन-चार दिवस प्राथमिक शिक्षकांची परीक्षा पाहणारे असतात. मुलांचे लक्ष आकाशकंदिलाकडे आणि मामाच्या गावाकडे लागलेले असते. नवा धडा सुरू करण्यात अर्थ नसतो. जगातील अन्य संस्कृतींची ओळख करून देण्यास मात्र हाच काळ सोयीचा ठरू शकतो.

अशा वेळी बहुधा रोज एक देश निवडला जातो. त्याचा ध्वज रंगवायचा, पोशाखाचे चित्र काढायचे, एखाद्या पदार्थाचे नाव पाठ करायचे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ लुईस डर्मन-स्पार्क्स यांनी १९८९ मध्ये या पद्धतीची संभावना पर्यटकांचा अभ्यासक्रम अशी केली होती. जपानी माणसे रोज किमोनोच घालतात, असा समज घेऊन मूल घरी जाते आणि तो सहजासहजी पुसला जात नाही.

त्यापेक्षा मुलांच्या परिचयाची एकच वस्तू, म्हणजे पणती, घेऊन जगाकडे पाहता येते. थायलंडमध्ये तेथील बाराव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला ‘लॉय क्राथोंग’ हा सण असतो. केळीच्या खोडाची चकती, भोवती दुमडलेली पाने, वर फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती असा छोटा तराफा पाण्यात सोडतात व जलदेवतेची क्षमा मागतात. या देवतेचे नाव ‘फ्रा मे खोंगखा’. ते फळ्यावर लिहून ‘खोंगखा’ म्हणजे कोण, हे मुलांनाच ओळखू द्यावे. वर्गात कोणी ना कोणी ‘गंगा’ म्हणतेच! कार्तिक पौर्णिमेच्या पहाटे ओडिशातही केळीच्या सोपटांच्या, कागदाच्या होड्यांत दिवे ठेवून त्या पाण्यात सोडतात. जावा, बाली बेटांकडे जाणाऱ्या प्राचीन व्यापाऱ्यांची ती आठवण असते. नकाशावर हा सागरी मार्ग बोटाने गिरवणे, हाच भूगोलाचा तास.

पुढचा तास हातांनी करावयाचा आहे. केळीचे सोपट, कागद, पाव आणि थर्माकोल यांचे तराफे बादलीत सोडून दुसऱ्या दिवशी त्यांचे काय झाले, ते पाहावे. बँकॉकमध्ये २०२३ च्या सणानंतर सहा लाखांहून अधिक तराफे पाण्यातून गोळा करावे लागले होते. पावाचे तराफे मासे खातात हे खरे. पण फार झाले की तेही पाणी नासवतात. परक्यांचा सण म्हणजे केवळ शोभा नव्हे, त्या लोकांपुढेही आपल्यासारखेच प्रश्न आहेत, हे मुलांना येथे उमगते.

वेळ उरल्यास स्वीडनमधील १३ डिसेंबरचा लुसिया उत्सव घ्यावा. डिसेंबरात स्टॉकहोमला दिवसाचा उजेड जेमतेम सहा तास असतो, एवढे सांगितले की डोक्यावर दिव्यांचा मुकुट का, हे मुले स्वतःच सांगतात.

धार्मिक विषय शाळेत यावा काय, अशी शंका काही पालक घेतात. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देता येत नाही; परंतु धर्मांविषयी माहिती देण्यास त्याचा अडसर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून तराफा करावा, पाहावा. वर्गात पूजा मांडू नये.

सुटीचा अभ्यास एवढाच द्यावा : दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी पूर्ण चंद्र पाहायचा. कटकला महानदीत पहाटे होड्या सोडून झालेल्या असतील आणि बहुधा त्याच संध्याकाळी थायलंडमधील नद्यांवर दिवे तरंगत असतील.