शाळेची भिंत आणि विद्यार्थ्यांचे मत

विद्यार्थ्याला स्वतःचे मत असते काय? असल्यास ते त्याने कोणापुढे मांडावे? आणि दलित विद्यार्थ्याचे मत शाळेत उच्चारले गेले म्हणजे त्याचे पुढे काय होते? हे प्रश्न वरवर साधे दिसतात. परंतु कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी त्यांचा व्हावा तितका विचार केलेला नाही, असे मला वाटते. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. गेली काही वर्षे आमच्याकडे विद्यार्थ्यांचे भित्तिपत्रक निघते. संस्कृती, धर्म, खेळ आणि शाळा या विषयांवर मुले-मुली त्यात आपली मते लिहितात. त्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा थोडा उलगडा करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दलित विद्यार्थ्याने मत मांडणे ही आजची गोष्ट नव्हे. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध दोन भागांत छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या शाळेतली, मांग समाजातली, सुमारे चौदा वर्षांची मुलगी होती. शिकून तिला जेमतेम तीन वर्षे झाली होती. वेदांवर ब्राह्मणांचाच अधिकार असेल तर आमचा धर्मग्रंथ कोणता आणि आमचा धर्म कोणता, असे तिने थेट देवालाच विचारले. पेशवाईत तालीमखान्यापुढून अस्पृश्य गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या मस्तकाचा चेंडू करून खेळत, हेही तिने नोंदवले. धर्म, संस्कृती आणि खेळ या तिन्हींचा हिशेब एका शाळकरी मुलीने एकाच निबंधात मागितला. त्या निबंधाखाली तिचे नाव छापले गेले. दलित स्त्रीचे आज उपलब्ध असलेले हे अगदी आरंभीचे लेखन. म्हणजे आपल्या साहित्याच्या उगमापाशी एका विद्यार्थिनीचे मत उभे आहे.

आता मत म्हणजे काय ते पाहू. शाळेत मुले निबंध लिहितात, त्याला मत म्हणता येत नाही. 'माझा आवडता सण' हा विषय दिला की वर्गातली बहुतेक मुले दिवाळी लिहितात. उटणे, फराळ, किल्ला, आकाशकंदील हे सगळे ओळीने येते. ज्याचे आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयता घेऊन निघून जातात, आणि जो आजीपाशी मागे राहतो, तोही चकली आणि अनारसेच लिहितो. त्याला गुण मिळतात, परंतु त्या पानावर तो स्वतः कोठेच नसतो. दुसऱ्याचे घर आपले म्हणून लिहायला आपण त्याला शिकवलेले असते. म्हणून मताची माझी व्याख्या साधी आहे. स्वतः पाहिलेली गोष्ट, त्यावर पडलेला प्रश्न आणि 'का?' याचे दिलेले उत्तर, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे मत तयार होते. पहिली नसेल तर ती पोपटपंची होते. तिसरी नसेल तर नुसती चीड उरते. चीड खोटी नसते, पण तिला कारणाची जोड मिळाली की तिचा विचार होतो.

संस्कृती या विषयावर मुले लिहू लागली तेव्हा प्रथम सणच आले. मग हळूहळू घरे आली. एकीने लिहिले, शाळेत हळदीकुंकू ठेवले होते, माझी आई विधवा म्हणून दारातूनच परत गेली. मग पालकांना बोलावले होते की कुंकवाला? या एका वाक्याने शिक्षक-खोलीत जेवढी चर्चा झाली तेवढी कोणत्याही व्याख्यानाने झाली नसती. दुसऱ्याने १४ एप्रिलच्या मिरवणुकीतल्या कर्णकर्कश आवाजावर लिहिले. वह्या-पुस्तकांना जेवढी वर्गणी निघत नाही तेवढी ध्वनिक्षेपकाला कशी निघते, असे त्याने विचारले. हे मत आपल्याच वस्तीतल्या काहींना झोंबले. झोंबू द्यावे. मुलांनी फक्त दुसऱ्यांच्या संस्कृतीची चिकित्सा करावी आणि आपल्या अंगणात आले की गप्प बसावे, ही अपेक्षा फुले-आंबेडकरी परंपरेला धरून नाही.

धर्माच्या बाबतीत हे अधिक कसोटीचे होते. एकाच वर्गात बौद्ध घरातली मुले असतात, मरीआईला नवस बोलणाऱ्या घरातली असतात, मुसलमान असतात, वारकरी असतात. बौद्ध मुलगा 'आमच्या घरात देव नाहीत' असे लिहितो. का नाहीत असे विचारले तर 'बाबासाहेबांनी सांगितले' एवढे म्हणून थांबतो. मला हे उत्तर अपुरे वाटते. बावीस प्रतिज्ञा घोकून पाठ करणे आणि स्तोत्रे घोकून पाठ करणे यांत, न समजता केले तर, अंतर उरत नाही. ऐकीव आहे, परंपरेने आलेले आहे किंवा गुरूने सांगितले आहे एवढ्यावर कशाचाही स्वीकार करू नका, असा बुद्धाचा उपदेश कालामसुत्तात आहे. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले. त्याला पुढे 'मिलिंद' हे नाव मिळाले, ते भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात नागसेन वाद सुरू करण्यापूर्वी एक अट घालतो. पंडितांसारखा वाद करणार असशील तर बोलतो, राजासारखा करणार असशील तर नाही. पंडितांच्या वादात चूक दाखवली जाते, मान्य केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजे मात्र मत न पटणाऱ्याला शिक्षा करतात. आपल्या वर्गात कोणता वाद चालतो, हे प्रत्येक शिक्षकाने स्वतःला विचारावे. नवस बोलणाऱ्या घरातल्या मुलीलाही त्या भिंतीवर जागा हवी. तिला उत्तर द्यावे, हसू नये.

खेळाकडे आपण फार निष्पाप नजरेने पाहतो. मैदानावर जात नसते, असे म्हणण्याची पद्धत आहे. पळवणकर बाळू यांचे उदाहरण मुलांना सांगण्यासारखे आहे. चांभार समाजातला हा डावखुरा गोलंदाज पुण्याला युरोपियनांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखता राखता साहेबांना गोलंदाजी करू लागला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर गडी बाद केले. त्याच्या आधी पुण्यात हिंदूंच्या संघाला त्याची गोलंदाजी हवी होती, परंतु चहाच्या वेळी त्याला वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत. संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले. हे वाचून आमच्या एका विद्यार्थ्याने लिहिले की कबड्डीच्या सामन्याआधी मैदानावर फक्की टाकायला दर वेळी आमच्याच गल्लीतल्या पोरांना का सांगतात? संघ निवडताना मात्र 'सरावाला उशिरा येतात' असे म्हणतात. ती पोरे सकाळी शेळ्या सोडून येतात, म्हणून उशीर होतो. मताने काय होते असे विचारणाऱ्यांना मी सांगतो, आता फक्की टाकायची पाळी वर्गवार लागते आणि सराव संध्याकाळी होतो.

शाळेच्या दैनंदिन जीवनात अपमान फार बारीक असतात. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि शिपाई नसला की पाणी मिळत नसे. त्याच शाळेतला त्यांचा प्रवेशदिन, ७ नोव्हेंबर, २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. गोणपाट गेले. त्याच्या जागी काय आले? एका मुलाने लिहिले, 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा' असे भर वर्गात सांगतात तेव्हा पाय जड होतात. कार्यालयात हजेरी क्रमांकाने का बोलावत नाहीत? या मताच्या शेजारी दुसऱ्याने चिकटवले, आम्हीही गरीब आहोत, आम्हाला का नाही? काही सहकाऱ्यांना तो कागद काढून टाकावासा वाटला. तो राहिला. चार दिवसांनी एका मुलीने खाली उत्तर लिहिले. गरिबांसाठी फी-सवलत आहे, ती तू जरूर माग. पण गरीब म्हणून तुला कोणी पाणवठ्यावरून हाकलले नव्हते. एवढ्या थोड्या शब्दांत हा भेद मला वर्गात कधी सांगता आला नसता.

भित्तिपत्रक चालवण्याचे नियम थोडे आहेत. मत बोलीत लिहिले तर बोलीतच लावावे. शुद्धलेखन हा प्रवेशकर होऊ नये. प्रथेवर लिहावे, व्यक्तीला शिवी देऊ नये. मताला उत्तर मतानेच द्यावे, कागद फाडून नव्हे. नाव घालायचे की नाही हे लिहिणाऱ्याने ठरवावे, कारण गावात राहायचे त्याला असते. आणि शिक्षकाने आपले मत शेवटी लावावे. ते आधी लागले की पुढची सगळी मते त्याच्यासारखी दिसू लागतात.

यावर दोन आक्षेप येतात. मुले लहान आहेत, हा पहिला. मुक्ता साळवे किती वर्षांची होती, हे त्याला उत्तर पुरे. शिवाय बालकांना आपले मत मांडण्याचा हक्क देणारा संयुक्त राष्ट्रांचा करार १९८९ चा आहे आणि भारताने तो १९९२ साली मान्य केला आहे. दुसरा आक्षेप, शाळेत जात आणू नका. जात शाळेत आधीच आलेली असते. हजेरीत, डब्यात, मैदानावर ती असते. भिंतीवर ती फक्त अक्षरांत दिसू लागते, आणि दिसू लागली म्हणजे तिच्याशी बोलता येते. चौकस बुद्धी आणि सुधारणावाद यांचा विकास हे राज्यघटनेच्या ५१-क कलमाने नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. ते कर्तव्य अठराव्या वर्षी अचानक अंगी येत नाही.

आपली चळवळ मोर्च्यात मोठी झाली, तशी ती वाचनालयात आणि वसतिगृहातही मोठी झाली. वसतिगृहे ओस पडत असताना आणि वाचनालयांना कुलपे लागत असताना नव्या पिढीने विचार कोठे करायचा, हा प्रश्न आपल्यापुढे आहे. एक भिंत, चार कागद, थोडी खळ आणि न रागावणारा एक शिक्षक एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतल्या समाजमंदिराची एक भिंत यासाठी मोकळी करावी. पहिला कागद मुलांचा असू द्यावा.