तान्हुल्याची कांती आणि ‘परफ्यूम’

मानेच्या वळीत लाल चट्टे उठलेले तान्हे मूल आमच्या इंदूरच्या दवाखान्यात आले, की मी प्रथम घरातील तेल-पावडरीच्या बाटल्या मागवून घेतो. वेष्टनावर बहुधा ‘परफ्यूम’ एवढाच शब्द. त्याआड अनेक रसायने दडलेली. युरोपीय संघाने २००५ पासून, ठरावीक प्रमाणाहून अधिक असल्यास, २६ सुगंधी ॲलर्जनांची नावे छापणे बंधनकारक केले. २०२३ मध्ये ही यादी ऐंशीच्या वर नेली. ‘लिलिअल’वर तर २०२२ मध्ये बंदीच आली. ‘नैसर्गिक’ लव्हेंडरही निर्धोक नव्हे. त्यातील लिनॅलूल हवेच्या संपर्काने ॲलर्जीकारक होते. ‘अनसेंटेड’ उत्पादनातही मूळ वास झाकण्यापुरता सुगंध असू शकतो. आजीबाई किंचित हिरमुसतात खऱ्या. तथापि इसबाची प्रवृत्ती असलेल्या बाळास मी सुगंधविरहित साधे मलमच लिहून देतो.