शिक्षा जास्त वाटली तर

‘अपिलात गेलास तर शिक्षा वाढंल, गप भोगून टाक.’ चाकूरच्या कोर्टात निकाल लागला की घरची मोठी माणसं काळजीपोटी असा सल्ला देतात आणि त्यापायी हातचा हक्क जातो. शिक्षा कमी पडली असं सरकारला वाटलं, तर त्याला स्वतंत्र अपील करावं लागतं. फिर्यादीला तेवढ्याच कारणावरून अपील करता येत नाही. एकट्या आरोपीनेच अपील केलं असेल, तर त्यात उच्च न्यायालयालाही आपणहून शिक्षा वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली नागराजन खटल्यात स्पष्ट केलं. सरकार अपिलात उतरलं तर मात्र धोका खरा असतो. होसकोट खटल्यात कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा सरकारच्या अपिलामुळे तीन वर्षांवर गेली होती.

दुसरा समज, शिक्षेचा तक्ता ठरलेला असतो. इंग्लंडमध्ये न्यायाधीशांसाठी तशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मळीमठ समितीने २००३ साली आपल्याकडेही ती सुचवली, पण कायद्यात अजून आली नाहीत. कायदा बहुतेक वेळा कमाल शिक्षा सांगतो, कधी किमानही. मधलं अंतर न्यायाधीशाच्या विवेकावर, आणि तो विवेक कसा वापरला हेच अपिलात तपासलं जातं. आरोपीचं वय, पूर्वीचं वर्तन, घरची स्थिती पाहिली का? दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत त्याचं म्हणणं वेगळं ऐकलं का? हा दुसरा प्रश्न आपल्याच मराठवाड्यातल्या मानवत हत्याकांडाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९७७ साली न्यायालयाने सांगितलं की ही सुनावणी राहून गेली असेल तर वरचं कोर्टही ती घेऊ शकतं. दर वेळी खटला मागे पाठवायलाच हवा असं नाही.

गुन्हा कबूल केला म्हणजे सगळं संपलं, हेही अर्धंच खरं. खालच्या कोर्टाने दिलेली शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यावर अपील उरतंच. अगदी किरकोळ दंड असेल तर तेवढंही अपील नसतं.

चाकूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात ३० दिवसांत जावं लागतं. सत्र न्यायालयाच्या निकालावर संभाजीनगरच्या खंडपीठात ६० दिवस मिळतात, फाशी असेल तर ३०. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. तुरुंगातला माणूस अधीक्षकामार्फत अर्ज देऊ शकतो. त्याला विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. निकालाची नक्कल त्याला विनामूल्य द्यायची, हे होसकोट खटल्यातच १९७८ साली ठरलं. आणि आरोपी जामिनावर असून शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल, तर अपील दाखल होईपर्यंत जामीन त्याच कोर्टात, त्याच दिवशी मागावा.