एकाच खात्यातील प्रेम

एकाच खात्यातल्या दोघांचे जुळले की युनियनच्या कचेरीत पहिली मागणी येते, 'बाईंची बदली करा!' जणू प्रेम एकट्या बाईंनीच केले. ही खोड जुनी. मुंबईच्या एका औषध कंपनीत पॅकिंग खात्यातल्या मुलीने लग्न केले की तिची नोकरी संपे. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली, तेव्हा १९६५ साली तो नियम मोडला.

दोघे बरोबरीचे असतील तर त्यात ना मालकाने पडावे, ना युनियनने. पण एकाच्या सहीवर दुसऱ्याची रजा, बढती अवलंबून असेल, तर नकाराची किंमत पगारात मोजावी लागते. अशा वेळी, आमच्या मते, आधी सही हलवावी. कागद दुसऱ्या साहेबांकडे जावेत; तेवढ्याने भागत नसेल तर बदली वरच्याची व्हावी. नकारानंतरही पिच्छा सुटत नसेल तर ते प्रेम नव्हेच. त्यासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा वा अधिक माणसे कामाला असतील तेथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. बाईंनी तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी.

एके काळी आम्हीही बाईंच्याच बदलीला मान डोलावली होती. नव्या जागी जायला त्यांना दोन गाड्या बदलाव्या लागत. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. साहेब त्याच खुर्चीत राहिले.